दप्तर आपले, कुलूप परक्याचे

गुजरातमध्ये देवभूमी द्वारका जिल्ह्यातील वाडीनार येथे नायरा एनर्जी ह्या कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. वर्षाकाठी दोन कोटी टन खनिज तेल शुद्ध करण्याची त्याची क्षमता असून कंपनीचे देशभर सहा हजारांहून अधिक पेट्रोलपंप आहेत. कंपनीचे जवळजवळ निम्मे भांडवल रशियाच्या रोझनेफ्ट ह्या सरकारी तेल कंपनीच्या मालकीचे. १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाने रशियाविरुद्धच्या निर्बंधांचा अठरावा संच जाहीर केला, त्यात नायराचेही नाव होते. त्यानंतर चारच दिवसांनी मायक्रोसॉफ्टने ह्या कंपनीला पुरविलेली ई-मेलची व अंतर्गत संपर्काची सेवा एकाएकी बंद केली. कारखान्याच्या भट्ट्या पेटत्या होत्या, टँकर भरून बाहेर पडत होते. पण कर्मचाऱ्यांना आदल्या दिवशीचे पत्र उघडून पाहता येत नव्हते. सेवेचे पैसे पूर्ण भरलेले असताना आपल्याच माहितीपर्यंत आपल्याला पोहोचू दिले जात नाही, अशी तक्रार घेऊन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. दरम्यानच्या दिवसांत रेडिफच्या ई-मेलवर काम भागवावे लागले. ३० जुलै रोजी सेवा पूर्ववत झाली.

सेवा पूर्ववत झाली म्हणून प्रश्न मिटला, असे समजण्याचे कारण नाही. ज्या निर्बंधांच्या नावाने हे घडले ते संयुक्त राष्ट्रसंघाने घातलेले नव्हते. भारत सरकारला ते मान्य नव्हते. ज्या कंपनीने सेवा तोडली ती तर अमेरिकन, म्हणजे युरोपीय संघाच्याही बाहेरची. भारतीय भूमीवर, भारतीय कायद्याने नोंदलेल्या एका उद्योगाचे दप्तर तिसऱ्याच खंडातील राजकीय निर्णयावरून चौथ्याच ठिकाणी बसलेल्या कोणी तरी कुलूपबंद केले, आणि ते उघडले तेही त्याच्याच मर्जीने. नायरासाठी अश्रू ढाळावेत असे ती कंपनी काही दीनदुबळी नाही. तिच्यापाशी नामांकित वकील होते, दिल्लीत तिचा शब्द ऐकणारे होते, म्हणून आठवड्याभरात कुलूप निघाले. हीच पाळी शिरोळ किंवा संगमनेर तालुक्यातील एखाद्या पतसंस्थेवर आली, तर तिच्या चिटणिसाने कोणत्या न्यायालयाचे दार ठोठवावयाचे?

प्रश्न काल्पनिक नाही. आज दुकानदारापासून दूध संघापर्यंत प्रत्येकाच्या दारी विक्रेते येत आहेत, आणि टेबलावरच्या संगणकातील हिशेबाची आज्ञावली टाकून देऊन ‘क्लाउड’वर या, असा आग्रह धरीत आहेत. क्लाउड हा शब्द मोठा मोहक. शासनानेही आपल्या योजनेला ‘मेघराज’ असे नाव दिले आहे. वस्तुतः ह्यात मेघासारखे काहीही नाही. आपले दप्तर दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवावयाचे, ते चालविणारी आज्ञावलीही त्याच्याच यंत्रावर चालावयाची आणि आपण तारेने तिथपर्यंत पोहोचून काम करून घ्यावयाचे, त्याबद्दल दरमहा भाडे मोजावयाचे, एवढाच त्याचा अर्थ. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे ह्या भागात जिथे एके काळी रसायनांचे कारखाने होते, तिथे आज ह्या ‘मेघां’च्या खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती उभ्या आहेत. त्यांना वीज लागते, यंत्रे थंड ठेवण्याची व्यवस्था लागते आणि दारावर कंत्राटी पहारेकरी लागतात. जुन्या पद्धतीत आज्ञावली एकदाच विकत घेऊन ती आपल्या संगणकात बसविली जाई. बंगळूरच्या गोयंका पितापुत्रांनी १९८६ साली सुरू केलेल्या कंपनीची टॅली ही आज्ञावली ह्याच वाटेने गावोगावच्या पेढीवर पोहोचली आणि तालुक्याच्या ठिकाणी हजारो तरुणांना तिने हिशेबनिसाची नोकरी मिळवून दिली.

परकी कंपनी, दूरची यंत्रे, मासिक भाडे एवढे ऐकताच नकाराचा ठराव मांडण्याची ऊर्मी पुरोगामी वर्तुळात होणे स्वाभाविक आहे. परंतु ती विचाराची जागा घेऊ शकत नाही. टेबलावरच्या संगणकाची जी अवस्था आपल्या संस्थांमधून दिसते, ती पाहिली तर विक्रेत्याच्या बोलण्यात बरेच तथ्य आढळते. चोरून उतरवलेली आज्ञावली, कधीच न बदललेला पासवर्ड, कपाटात ठेवलेल्या एका पेनड्राइव्हवर पूर्वी कधी तरी घेतलेली हिशेबाची प्रत, आणि वीज गेली की बंद पडणारे यंत्र. डिस्क जळाली की पाच वर्षांच्या खतावण्या गेल्या. गटसचिवाची बदली झाली की पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. भाड्याच्या सेवेत प्रत रोज आपोआप निघते, दुरुस्त्या परस्पर होतात, दोन शाखांचे हिशेब एकाच वेळी दिसतात. संगणक जाणणारा स्वतंत्र माणूस नेमण्याची ऐपत नसलेल्या संस्थेला हा दिलासा लहान नाही.

शिवाय दप्तर आपल्या घरी असले म्हणजे ते सच्चे असतेच, असेही नाही. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे प्रकरण २०१९ साली उघडकीस आले. एका बांधकाम समूहाला दिलेली बुडीत कर्जे दडविण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती उभी केल्याचे पोलिसांतील फिर्यादीत नमूद आहे. ती खाती काही कोणा अमेरिकन कंपनीने उघडली नव्हती. हिशेब ज्यांच्या ताब्यात होते त्यांनीच ती रचली आणि हजारो ठेवीदार रांगेत उभे राहिले. आपल्या खोलीतल्या संगणकात मागील तारखेची नोंद घालणे किंवा झालेली नोंद पुसणे सोपे असते. म्हणूनच केंद्र सरकारने कंपन्यांच्या बाबतीत १ एप्रिल २०२३ पासून अशी सक्ती केली की हिशेबाच्या आज्ञावलीत प्रत्येक बदलाची पुसता न येणारी नोंद राहिली पाहिजे. हा नियम कंपनी कायद्याखालचा आहे. सहकारी संस्थांना तो लागू होत नाही. तात्पर्य, दप्तर स्थानिक पुढाऱ्याच्या आवाक्याबाहेर जाणे हा सभासदाच्या दृष्टीने कधी कधी लाभही असतो. सहकाराच्या कैवाऱ्यांना हे वाक्य बोचेल, पण ते खरे आहे.

आता किमतीकडे वळावयास हवे, कारण विक्रेत्याचा सर्वांत मोठा दावा स्वस्ताईचा असतो. समजण्यापुरते काही आकडे धरून चालू. एका संस्थेने सर्व कार्यालयाला पुरणारी आज्ञावली चोवीस हजारांना एकदाच घेतली, नूतनीकरणाला दरसाल पाच हजार दिले आणि बॅटरी, जादा डिस्क, दुरुस्ती करणाऱ्याच्या फेऱ्या ह्यांवर आणखी पंधरा हजार खर्च केले, तर पाच वर्षांचा खर्च एक लाख चोवीस हजार होतो. भाड्याच्या सेवेचा दर माणशी दरमहा नऊशे धरला आणि संस्थेत एकच लेखनिक असला, तर पाच वर्षांत चोपन्न हजार लागतात. येथे भाडे निम्म्याहूनही स्वस्त पडते. पण संस्थेत तीन लेखनिक असले की तोच खर्च एक लाख बासष्ट हजारांवर जातो आणि पारडे उलटते. आकडे उदाहरणादाखल असले तरी हिशेबाची रीत हीच राहणार. अगदी लहान संस्थेला भाडे परवडते आणि संस्था वाढत गेली की ते भारी होत जाते, कारण भाडे माणशी असते आणि मालकीचा खर्च बहुतांशी ठोक असतो. ‘क्लाउड स्वस्त की महाग’ हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. कोणाला, किती माणसांना आणि किती वर्षांसाठी हे सांगितल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही.

ह्या हिशेबात दर स्थिर धरला आहे, आणि खरी मेख तेथेच आहे. अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षातला विद्यार्थीही सांगेल की ग्राहकाला दुसरीकडे जाण्याचा खर्च जितका अधिक, तितकी विक्रेत्याची दर वाढविण्याची शक्ती अधिक. पाच वर्षांच्या खतावण्या एका कंपनीच्या साच्यात बसल्या, कर्मचाऱ्यांची बोटे त्याच पडद्याला सरावली, लेखापरीक्षकही त्याच पद्धतीचे उतारे मागू लागला, की स्थलांतर हे नव्याने संस्था उभी करण्याइतके कठीण होऊन बसते. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२२ मध्ये आपल्या व्यावसायिक सेवांचे दर वाढविले, तेव्हा सर्वांत साध्या सेवेचा माणशी मासिक दर पाच डॉलरवरून सहा डॉलर झाला, म्हणजे एका फटक्यात वीस टक्के. ग्राहकांनी ते निमूटपणे भरले. छपाईच्या व्यवसायातील मंडळींना तर हा अनुभव त्याहून जुना आहे. अडोबी कंपनीने २०१३ साली आपल्या आज्ञावल्यांच्या नव्या आवृत्त्या कायमच्या विकणेच थांबविले आणि भाडे हा एकच मार्ग शिल्लक ठेवला. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकन अध्यक्षांच्या आदेशाचा हवाला देऊन त्याच कंपनीने व्हेनेझुएलातील सर्व ग्राहकांची खाती बंद करण्याचे जाहीर केले. नंतर अमेरिकन सरकारकडून परवाना मिळाल्यावर तो निर्णय मागे घेण्यात आला. नायराचे प्रकरण पहिले नव्हते, हे ह्यावरून ध्यानात यावे.

महाराष्ट्राला ही व्यवस्था अपरिचित नाही. जमीन कसणारा एक आणि सातबारावर नाव दुसऱ्याचे, खंड ठरविणारा आणि बेदखल करणारा तोच, हे येथील कुळांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन ह्यांमागे जे तत्त्व होते ते एवढेच की, ज्याच्या श्रमाने जमीन पिकते त्याला ती सोडून जावे लागेल ही भीती त्याच्या डोक्यावर टांगती राहता कामा नये. हिशेबाच्या नोंदी संस्थेच्या माणसांच्या श्रमातून जमतात. त्या ज्या यंत्रावर ठेवल्या ते यंत्र मात्र दुसऱ्याचे. अर्थात ही तुलना एका मर्यादेपर्यंतच ताणावी. कुळाला जमीन सोडून नवी जमीन निर्माण करता येत नव्हती, संस्थेला नवा संगणक विकत घेता येतो. खंडकरी आणि भाडेकरी ह्यांची दशा सारखी होते ती दप्तर बरोबर नेता येत नाही तेव्हाच.

आणि यंत्राच्या भाड्याचा हा धंदा तरी कुठे नवा आहे? आयबीएम कंपनी १९७० च्या दशकापर्यंत भारतात संगणक प्रामुख्याने भाड्यानेच देत असे. परदेशात वापरून झालेली जुनी यंत्रे येथे आणून त्यांवर ती भाडे घेते, अशी टीका संसदेच्या लोकलेखा समितीच्या १९७५-७६ च्या अहवालात झाली. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परकी भांडवल चाळीस टक्क्यांवर आणण्याची अट कंपनीला मान्य नव्हती. जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ साली ती देशातून निघून गेली. आता देशातील संगणक बंद पडणार, असे भाकीत तेव्हा अनेकांनी केले होते. तसे काही झाले नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या सरकारी सीएमसीने त्या यंत्रांची निगा राखण्याचे काम अंगावर घेतले आणि ते निभावले. यंत्रे भाड्याची असली तरी ती येथे होती आणि ती दुरुस्त करू शकणारी माणसे येथे होती, म्हणून हे शक्य झाले. आज तसा प्रसंग आला तर दुरुस्त करावयास हाताशी यंत्रच नसेल. (सीएमसीचे बहुसंख्य भांडवल २००१ साली टाटांना विकण्यात आले, ही कथा निराळी.)

माहिती मुंबईत ठेवली की ती भारतीय झाली, असे समाधान काही अधिकारी देतात. अमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि २०२२ साली हैदराबादेत आपली केंद्रे उघडली, ही गोष्ट खरी. परंतु अमेरिकेने मार्च २०१८ मध्ये केलेल्या कायद्याप्रमाणे, अमेरिकन कंपनीच्या ताब्यातील माहिती जगात कोठेही असली तरी तेथील न्यायालयीन आदेशानुसार ती हजर करावी लागते. इमारत ऐरोलीची असेल, पण हुकूम वॉशिंग्टनचा चालेल. जगातील क्लाउड सेवेचा दोन तृतीयांशाच्या आसपास हिस्सा अमेझॉन, मायक्रोसॉफ्ट व गूगल ह्या तीनच कंपन्यांच्या हाती आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या हुकमाची व्याप्ती कळते.

मात्र कंपनी देशी असली की संकट टळते, हेही खरे नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज ह्या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला. टीसीएस आणि स्टेट बँक ह्यांनी मिळून उभी केलेली ही कंपनी लहान सहकारी व ग्रामीण बँकांना संगणकीय सेवा पुरवीत होती. हल्ला पसरू नये म्हणून ३१ जुलै रोजी तिला देशाच्या देयक यंत्रणेपासून तोडण्यात आले आणि सुमारे तीनशे बँकांच्या ग्राहकांचे एटीएम व यूपीआयचे व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी ते सुरळीत झाले. ज्या बँकांचा ह्यात काडीचाही दोष नव्हता त्याही एका दमात बंद पडल्या, ही बाब बोलकी आहे. पूर्वी एका बँकेचा संगणक बिघडला तर एकच बँक बंद पडे.

सरकारी मालकी हाच तोडगा, असे म्हणणाऱ्यांनी दक्षिण कोरियाकडे पाहावे. तेथील डेजॉन शहरातील राष्ट्रीय माहिती केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली आणि सहाशेहून अधिक शासकीय यंत्रणा ठप्प झाल्या. सरकारी कर्मचाऱ्यांनी आपली कागदपत्रे ज्या सामाईक साठ्यात ठेवावीत असा आग्रह होता, त्या साठ्याची दुसरी प्रतच कोठे नव्हती; तो जळून नष्ट झाला. ह्याउलट ऑस्ट्रेलियातील युनिसुपर ह्या निवृत्तिवेतन निधीचे उदाहरण घ्या. मे २०२४ मध्ये गूगलच्या चुकीने ह्या निधीचा संपूर्ण साठा पुसला गेला. सहा लाखांहून अधिक सभासदांना आठवडाभर आपले खाते पाहता आले नाही. तरीही निधी वाचला, कारण त्याने एक प्रत वेगळ्याच कंपनीकडे ठेवली होती. कोरियाचे केंद्र सरकारी होते, युनिसुपरने खाजगी कंपनीची सेवा घेतली होती. फरक पाडला तो दुसऱ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतीने.

टेबलावरची आज्ञावली आणि क्लाउड ह्यांच्यातील निवड ही म्हणूनच जागेची निवड नव्हे. टेबलावरची आज्ञावलीही बहुधा आपल्या मालकीची नसतेच. तिचा वापरण्याचा परवाना तेवढा आपण घेतो, आणि विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये काढून घेतल्यावर सुस्थितीतील कितीएक संगणक कसे जुनाट ठरले ते सर्वांनी पाहिले. दप्तर आपल्याला हव्या त्या दिवशी, कोणाही लेखापरीक्षकाला उघडता येईल अशा खुल्या स्वरूपात बाहेर काढता येते की नाही, ही ह्या प्रकरणातील निर्णायक कसोटी होय. मुंबईत तयार झालेली ईआरपीनेक्स्ट ही मुक्त आज्ञावली ह्या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. तिचा मूळ आराखडा सर्वांना खुला असल्याने ती स्वतःच्या यंत्रावरही चालविता येते आणि भाड्याच्या यंत्रावरही. एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना हिशेब तोच राहतो. केरळने शालेय शिक्षणात मुक्त आज्ञावल्या रुजवून त्या वापरणारी व सांभाळणारी शिक्षकांची फळी उभी केली. महाराष्ट्राला सहकाराची एवढी परंपरा असताना जिल्हा पातळीवरील संस्थांच्या संघांनी असे काम हाती का घेऊ नये, ह्याचे समाधानकारक कारण कोणी देत नाही. वीस पतसंस्थांनी मिळून एक जाणकार नेमणे एकेकट्या संस्थेला अशक्य असले तरी वीस जणींना कठीण नाही.

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. आपल्या विकास सोसायट्याही तीत आहेत. सर्वांसाठी एकच क्लाउडवरील आज्ञावली आणि देखरेख नाबार्डची, असे तिचे स्वरूप आहे. कीर्द-खतावणीच्या धूळभरल्या गठ्ठ्यांतून गटसचिवाची सुटका होत असेल तर तिचे स्वागतच करावे. परंतु ज्या सोसायटीचे ते दप्तर आहे, तिला त्याची संपूर्ण प्रत आपल्याकडे ठेवता येईल काय, आणि सभासदाला ती मागता येईल काय, हे प्रश्न संचालक मंडळांच्या बैठकांतून क्वचितच विचारले जातात. युरोपीय संघाचा माहितीविषयक कायदा सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून त्याने ग्राहकाला एका क्लाउड कंपनीकडून दुसरीकडे जाण्याचा हक्क दिला आहे. स्थलांतराबद्दल आकार घेणे जानेवारी २०२७ पासून तेथे पूर्णतः बंद होणार आहे. आपल्याकडील २०२३ चा कायदा व्यक्तीच्या खाजगी माहितीचे रक्षण करतो, पण संस्थेचे दप्तर सोडविण्याविषयी तो काही बोलत नाही. रिझर्व्ह बँकेने बाहेरून घेतलेल्या संगणकीय सेवांबाबत एप्रिल २०२३ मध्ये जे निर्देश काढले त्यांत बाहेर पडण्याची योजना आखून ठेवण्याची अट आहे. पतसंस्थांवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण नसल्याने त्या मात्र ह्या निर्देशांच्या कक्षेत येत नाहीत. ही अट सहकार खात्याने त्यांनाही लागू करावी, ही मागणी अगदी साधी आहे आणि तिला विधिमंडळात विरोध करणे कोणत्याही पक्षाला अवघड जाईल.

तोपर्यंत जे करावयाचे ते संस्थांनी स्वतःच केले पाहिजे. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी होतात. अहवालात ‘संगणक खर्च’ ह्या शीर्षाखाली एक ओळ असते आणि ती वाचली न जाताच मंजूर होते. संस्थेतील कार्यकर्त्यांनी यंदा त्या ओळीवर उभे राहून करारनाम्याची प्रत मागावी; करार संपल्यावर दप्तर किती दिवसांत आणि कोणत्या स्वरूपात परत मिळेल, वाद झाल्यास तो कोणत्या शहराच्या न्यायालयात चालेल आणि कालच्या हिशेबाची प्रत आज संस्थेच्या तिजोरीत आहे काय, हे अध्यक्षांना विचारावे आणि मिळालेले उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.